बीफ घातलेले बेक्ड बीन्स: अमेरिकी डब्यांची झाडाझडती

बीफचा खिमा घातलेले बेक्ड बीन्स हा अमेरिकेतल्या बार्बेक्यूचा आणि पॉटलकचा (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची पंगत) ठरलेला पदार्थ. करायला सोपा, बिघडवायलाही सोपा. त्याच्या बहुतेक कृतींमध्ये एक ओळ असते, ‘बीन्सचे दोन डबे’, आणि पुढे कुठले डबे ते सांगायच्या भानगडीत कोणी पडत नाही. दुकानात मात्र एकाच फळीवर चार-पाच वेगवेगळ्या स्वभावाचे डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकात टोमॅटोचं पातळ पाणी, दुसऱ्यात ब्राऊन शुगरचा घट्ट पाक, तिसऱ्यात मोलॅसिस (साखर काढून उरलेला काळा, कडसर पाक), चौथ्यात नुसतं मिठाचं पाणी. डबा चुकला तर पुढे खिमा कितीही चांगला परता, उपयोग नाही.

नुसता गरम करून पावाबरोबर खायला कुठला डबा चांगला, हा इथला प्रश्न नाही. एक पौंड (४५० ग्रॅम) परतलेला खिमा आणि कांदा त्यात पडला, आणि सगळं ३५० अंश फॅरनहाइटला (१७५ सेल्सियस) तासभर उघडं भाजलं, की मग ताटात काय येतं, एवढंच बघायचं आहे. खिमा आला की हिशेब बदलतो. चरबीमुळे आंबटाची गरज वाढते. मांसाचा खमंगपणा जास्त गोडाखाली गुदमरतो. आणि तासाभरात पाणी उडालं की डब्यातली साखर आणि मीठ, दोन्ही जिभेला आधीपेक्षा जास्त लागतात. म्हणजे सुरुवातीला जो डबा जरा फिका, जरा पातळ वाटतो, तोच इथे कामाचा.

पोर्क अँड बीन्स: दिसायला गरीब, कामाला पक्का

व्हॅन कॅम्प्सचा पोर्क अँड बीन्स हा या प्रकारातला ओळखीचा डबा. दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडचेही असेच असतात. आत नेव्ही बीन्स, म्हणजे वाटाण्याएवढा पांढरा राजमा, नारिंगी पातळ टोमॅटो सॉसमध्ये. डुकराच्या चरबीचा जेमतेम एक तुकडा. नुसता खाल्ला तर सपक लागतो, आणि म्हणूनच नाव ठेवणारे बरेच. पण भाजायला ठेवायच्या दृष्टीने हा डबा सगळ्यांत समजूतदार आहे. सॉस पातळ असल्यामुळे पाणी उडायला वाव मिळतो, आणि गोडी बेताची असल्यामुळे साखर आपल्या हातात राहते. टोमॅटो आधीपासून आहे, त्यामुळे व्हिनेगर आणि मोहरी घातली की चव लगेच जुळते.

दोष एकच, दाणे मऊ असतात. जोरात ढवळलं तर साल सुटतं आणि सॉस पिठूळ होतो. म्हणून डबे शेवटी घालायचे आणि चमचा तळापासून वर उचलत, दोन-चार वेळाच फिरवायचा. आपल्या कृतीला एकूण चार डबे लागतात, पण चारही याचेच घेऊ नका. दोन याचे आणि दोन साध्या, सॉस नसलेल्या बीन्सचे, हे प्रमाण सगळ्यांत चांगलं. मऊ दाण्यांनी सॉसला दाटपणा येतो, घट्ट दाणे दाताखाली येतात.

गोड डबे: साखरेचा हिशेब आधी करा

बुशेस ही टेनेसीतली १९०८ सालची कंपनी, आणि अमेरिकेत ‘बेक्ड बीन्स’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तिचाच डबा येतो. ओरिजिनल प्रकारात बेकन आणि ब्राऊन शुगर असते. डबा उघडून गरम केला की पदार्थ तयार, अशीच त्याची रचना आहे आणि त्या कामात तो उत्तम आहे. पाक दाट, दाणे अख्खे, चव भरलेली.

अडचण अशी की पदार्थ आधीच पूर्ण आहे, आणि घरगुती कृती त्याला कच्चा माल समजतात. हिशेब करून बघा. अशा गोड डब्यांवर अर्ध्या कपाला १० ते १२ ग्रॅम साखर लिहिलेली असते. २८ औंसांच्या (७९४ ग्रॅम) डब्यात साधारण सहा अर्धे कप, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास साखर. दोन डब्यांत १४०. त्यावर कृती सांगते अर्धा कप दाबून भरलेली ब्राऊन शुगर, ती ११० ग्रॅम. अर्धा कप केचप, त्यातली ३० ग्रॅम. झाले २८० ग्रॅम. दहा जणांत वाटलं तर माणशी २८ ग्रॅम, सात चमचे साखर, आणि तीही जेवणाबरोबरच्या पदार्थात. बार्बेक्यू सॉस घातला असेल तर त्याची वेगळी.

एवढ्या साखरेचा त्रास फक्त चवीपुरता नसतो. भांड्याच्या कडेला पाक आधी आटतो, मग काळा पडतो, आणि तो कडवटपणा ढवळताना सगळीकडे जातो. मधला भाग मात्र अजून पातळच असतो.

गोड डबाच हाताशी असेल तर ब्राऊन शुगर पूर्ण वगळा. केचपऐवजी दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घ्या. ॲपल सायडर व्हिनेगर तीन मोठे चमचे, पिवळी मोहरी (हॉट डॉगवरची) दोन मोठे चमचे, आणि मिरपूड सढळ हाताने. दोन डब्यांतल्या एकाचा वर तरंगणारा पाक पाव कपभर काढून बाजूला ठेवा. शेवटी फारच घट्ट झालं तर तोच परत घालता येतो. एवढं केलं की हा डबा बीफबरोबर चांगला चालतो. मीठ घालू नका. या डब्यांत अर्ध्या कपाला ५०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असतंच.

डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी लेबल नीट वाचावं. ओरिजिनल बुशेसमध्ये बेकन आहे, पोर्क अँड बीन्सच्या तर नावातच पोर्क आहे. डब्यावर ‘व्हेजिटेरियन’ असं स्पष्ट लिहिलेला प्रकार घेतला की प्रश्न मिटतो, आणि खिमा आत पडणार असल्याने चवीत फारसा फरकही जाणवत नाही.

न्यू इंग्लंडचा काळा डबा, आणि ब्रिटिश निळा

बी अँड एम ही न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेचा ईशान्य कोपरा) मेन राज्यात, पोर्टलंडला १८६७ साली सुरू झालेली कंपनी, विटांच्या भट्टीत बीन्स भाजण्यासाठी नावाजलेली. हा बॉस्टन घराण्यातला बीन्स: मोलॅसिस, पोर्क, टोमॅटोचा मागमूस नाही. रंग गडद तपकिरी, सॉस चिकट, चवीत किंचित कडसर खोली. स्वतंत्र पदार्थ म्हणून हा आमच्या मते फळीवरचा सगळ्यांत चांगला डबा. पण बीफच्या कृतीत चारही डबे याचे घातले तर पदार्थ जड होतो आणि केचप-मोहरी उपरी वाटायला लागते. याचा खरा उपयोग मसाल्यासारखा. चार डब्यांपैकी एक हा घाला आणि कृतीतलं मोलॅसिस वगळा. नुसत्या मोलॅसिसने जी खोली येत नाही ती एका डब्याने येते.

हाइन्झचा ब्रिटिश निळसर डबा आयात मालाच्या फळीवर मिळतो. ४१५ ग्रॅमचा, मांस नसलेला, पातळ गोडसर टोमॅटो सॉसचा. टोस्टवर त्याला तोड नाही, पण दाणे इतके मऊ शिजवलेले असतात की तासभर ओव्हनमध्ये ठेवल्यावर त्यांचा लगदा होतो. वापरायचाच असेल तर शेवटच्या १५ मिनिटांत. या पदार्थासाठी मुद्दाम शोधत जाऊ नका.

साधे बीन्स, सॉसशिवाय

नेव्ही, ग्रेट नॉर्दर्न, पिंटो किंवा किडनी, १५ औंसांचे डबे, आत मिठाचं पाणी. घटकांच्या यादीत कॅल्शियम क्लोराइड दिसलं तर बिचकू नका. ते दाणे फुटू नयेत म्हणून घातलेलं असतं आणि लांब भाजण्यात त्याचा फायदाच होतो. दोन डब्यांपैकी एक चाळणीत ओतून, नळाखाली धरून, निथळून घ्या. दुसऱ्याचं पाणी राहू द्या, कारण त्यात दाण्यांचा स्टार्च उतरलेला असतो आणि सॉसला बांधून ठेवायचं काम तो फुकटात करतो. दोन्ही धुतले तर सॉस दाण्यांना धरत नाही, ताटात पाण्यासारखा वेगळा पळतो.

किडनी आणि लिमा बीन्स मिसळले तर त्याला मिडवेस्टमध्ये कॅलिको बीन्स म्हणतात. चर्चच्या जेवणावळींत हाच प्रकार जास्त दिसतो. रंग छान येतो. चवीत फरक थोडा.

कोरडे बीन्स भिजवून करायचे असतील तर

वेळ असेल तर जरूर करा, दाण्याची प्रत कुठल्याही डब्यापेक्षा सरस येते. फक्त क्रम चुकवायचा नाही. दाणा पूर्ण शिजल्याशिवाय त्याला टोमॅटो, व्हिनेगर, मोलॅसिस यांतलं काहीही दाखवू नका. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही, आणि मोलॅसिसमधलं कॅल्शियम ते आणखी घट्ट करतं. अर्धवट शिजलेला दाणा सॉसमध्ये गेला की पुढे चार तास भाजला तरी मधे कचकच राहते. पूर्ण शिजलेला दाणा गेला तर हेच रसायन त्याला फुटू देत नाही. बॉस्टनचे बीन्स सहा-सहा तास भट्टीत राहून अख्खे कसे राहतात, त्याचं गुपित हेच.

एक पौंड नेव्ही बीन्स दोन लिटर पाण्यात दीड मोठा चमचा मीठ घालून रात्रभर भिजवा. मिठामुळे साल मऊ पडतं आणि फुटत नाही. मिठाने दाणा कडक राहतो हा समज चुकीचा आहे. ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात मंद आचेवर ४५ ते ७५ मिनिटं शिजवा. जुना माल असला किंवा पाणी जड असलं तर याहून जास्त. तेव्हा पाव छोटा चमचा खायचा सोडा उपयोगी पडतो, जास्त घातला तर साबणाची चव येते. झालं की नाही ते बघायला चमच्यात चार-पाच दाणे घेऊन त्यावर फुंकर मारा. साल सुटून वळलं तर आतून शिजत आलंय. मग ते दाणे खाऊन बघा, एक नाही, पाचही. एखादा जरी दातात टचकन लागला तरी अजून दहा मिनिटं. पौंडभर कोरड्या दाण्याचे शिजून सहा कप होतात, म्हणजे निथळलेल्या चार डब्यांएवढे.

किडनी बीन्स, म्हणजे लाल राजमा, कोरडे घेतले असतील तर एक गोष्ट टाळायचीच: कच्चे दाणे थेट स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं). त्यातलं लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन कमी तापमानाला मरत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात खळखळून उकळवा. दहा मिनिटं ही कमीत कमी मर्यादा, अर्धा तास केलं तर उत्तम. डब्यातले दाणे आधीच शिजलेले असतात, त्यांची काळजी नको.

खिमा: ट्रेवरचे आकडे

बीफच्या ट्रेवर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असं लिहिलेलं असतं; दुसरा आकडा चरबीचा टक्का. एक पौंड ८०/२० मध्ये ९० ग्रॅम चरबी असते. बर्गरला तेच हवं, इथे नको. ९३/७ घेतला तर ओव्हनमधल्या तासाभरात त्याचे कोरडे रवाळ कण होतात आणि ते सॉसमध्ये वाळूसारखे लागतात. ८५/१५ घ्या. दुकानात ८०/२०च असेल तर घ्या आणि चरबी काढून टाका. गोठवलेला खिमा पूर्ण सुटा होऊ द्या, बर्फ असलेला तव्यात टाकला तर तो परतला न जाता उकडतो.

खिमा परतणं ही या पदार्थातली एकमेव खरी कसब लागणारी पायरी आहे, आणि घाई होते ती नेमकी इथेच. १२ इंची जड तवा मध्यम-मोठ्या आचेवर चांगला तापू द्या. खिमा एका थरात दाबून पसरा, अर्धा छोटा चमचा मीठ, आणि तीन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू गडद झाली की मोठ्या तुकड्यांत उलटा. आता पाणी सुटेल, तवा बुडबुडेल, खिमा करडा दिसेल. पुष्कळजण इथेच ‘झाला’ म्हणून थांबतात. थांबू नका. पाच-सहा मिनिटांत ते पाणी उडतं आणि आवाज बदलतो: बुडबुड संपून कोरडी चरचर सुरू होते. खरं परतणं त्या आवाजापासून पुढची तीन-चार मिनिटं. तळाला तपकिरी थर धरायला लागतो, वास भाजल्याचा येतो. तुकडे हरभऱ्याएवढे ठेवा. बारीक भुगा केला तर भाजून झाल्यावर दाण्यांत मांस सापडत नाही.

एका तव्यात दोन पौंड कोंबू नका. पाणी उडायला जागाच राहत नाही, सगळा खिमा स्वतःच्या रसात उकडतो. दोन खेपा करा.

मग खिमा झाऱ्याने काढून घ्या, तव्यात मोठा चमचाभर चरबी ठेवा आणि बाकीची एखाद्या रिकाम्या डब्यात ओता. सिंकमध्ये ओतू नका, थंड होऊन नळीत गोठते. चरबी काढायचा कंटाळा केला तर ओव्हनमध्ये सॉसवर नारिंगी तेलाची साय धरते. ती नुसती दिसायला वाईट असं नाही, तिच्याखालचं पाणी उडत नाही आणि तासाभरानंतरही सॉस पातळ राहतो.

त्याच तव्यात एक मोठा कांदा (२०० ग्रॅम) मध्यम चिरून, अर्धी हिरवी ढोबळी मिरची, सहा-सात मिनिटं. कांद्याच्या पाण्याने तळाचा तपकिरी थर सुटतो, तो लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. सगळी चव तिथे आहे. कांदा कच्चा घालायची पद्धत आहे, पण आंबट सॉसमध्ये कच्चा कांदा तासभरातही नीट मऊ होत नाही. दोन पाकळ्या लसूण शेवटच्या मिनिटाला.

एकत्र करून भाजणं

दोन पोर्क अँड बीन्स आणि दोन साध्या डब्यांना: केचप अर्धा कप, ब्राऊन शुगर पाव कप (दाबून, ५५ ग्रॅम), मोलॅसिस एक मोठा चमचा, पिवळी मोहरी एक मोठा चमचा, वूस्टरशर सॉस एक मोठा चमचा, ॲपल सायडर व्हिनेगर दीड मोठा चमचा, स्मोक्ड पेप्रिका एक छोटा चमचा, मिरपूड अर्धा. मोलॅसिस नसेल तर काकवी चालते, मात्र कडसरपणा येत नाही; तेव्हा ब्राऊन शुगर गडद प्रकारची घ्या. लिक्विड स्मोक (धुराच्या वासाचा द्रव) घालणार असाल तर पाव छोटा चमचा, थेंबभरही जास्त नको. मीठ शेवटी चाखूनच.

व्हिनेगरचा एक मोठा चमचा आता, उरलेला अर्धा भाजून झाल्यावर. तासभरात व्हिनेगरचा तिखट वास बराचसा उडून जातो, आणि शेवटी घातलेला अर्धा चमचा अख्ख्या भांड्याला जाग आणतो. पदार्थ नुसताच गोड-जड लागत असेल तर बहुतेकदा मीठ कमी नसतं, हा आंबटपणा कमी असतो.

सॉस आधी खिमा-कांद्यात एकजीव करून उकळी आणा, मग बीन्स घाला. थंड डबे थेट ओव्हनमध्ये गेले तर पहिली २५ मिनिटं नुसतं गरम होण्यात जातात आणि कडा तेवढ्यात जास्त होतात. ९ बाय १३ इंची भांड्यात साधारण चार सेंटिमीटरचा थर होतो, तो बरोबर आहे. ३५० अंशांना, झाकण न ठेवता, ५० ते ६० मिनिटं. अर्ध्या तासाने एकदाच कडेचं आत आणि मधलं बाहेर करा. वर बेकनच्या पट्ट्या ठेवायच्या असतील तर आधी तव्यावर अर्ध्या परतून घ्या. कच्च्या ठेवल्या तर ओलाव्यात त्या कुरकुरीत होत नाहीत, वातड होतात, आणि त्यांची चरबी पुन्हा सॉसवरच.

कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही. बरोबर मध्यावर, जाड, सावकाश फुटणारे बुडबुडे यायला हवेत. चमच्याने मधून रेघ ओढा. वाट दोन-तीन सेकंद उघडी राहून मग मिटली की बाहेर काढा. त्या वेळी तुम्हाला ते जरा पातळच वाटेल. पंधरा मिनिटं निवू द्या, स्टार्च बसतो आणि घट्टपणा येतो. ओव्हनमध्येच हवा तेवढा घट्ट होईपर्यंत थांबलात तर ताटात ढेकूळ येईल. त्यावर उपाय पाव कप उकळतं पाणी, केचप नाही. उलट पातळ राहिलं तर अर्धा कप दाणे वाटीत चेचून परत मिसळा आणि दहा मिनिटं द्या. कॉर्नफ्लोअर टाळा, सॉसला उगाच चकचकीत, जेलीसारखं रूप येतं.

दुप्पट करताना खोल भांडं घेऊ नका. दोन उथळ घ्या आणि ओव्हनमध्ये अर्ध्यावर जागा बदला.

कशात करायचे

एनॅमल लावलेला पाच-सहा क्वार्टचा (साधारण तेवढ्याच लिटरचा) डच ओव्हन, म्हणजे जड झाकणाचं बिडाचं पातेलं, पहिल्या पसंतीचा. खिमा त्यातच परतता येतो, तळाचा थर वाया जात नाही, आंबटाचा त्रास नाही. लॉज किंवा ल क्रूझे, कुठलाही चालतो. या पदार्थाला महाग-स्वस्तातला फरक कळत नाही. एनॅमल नसलेल्या बिडाचं भांडं मात्र केचप आणि व्हिनेगरने चढवलेला तेलाचा थर सोडतं आणि सॉसला लोखंडाची चव येते. खिमा त्यात परता, भाजायला दुसरं भांडं घ्या.

काचेचं ९ बाय १३ चांगलं, कडेचा रंग दिसतो. फक्त फ्रिजमधून काढून तापलेल्या ओव्हनमध्ये टाकू नका आणि ब्रॉयलरखाली (ओव्हनची वरची थेट आच) धरू नका, तडकतं. पार्टीसाठी पातळ ॲल्युमिनियमचे ट्रे घेतले तर खाली बेकिंग शीट ठेवा, भरलेला ट्रे उचलताना मधून दुमडतो. आणि उरलेलं त्यातच ठेवू नका, आंबटाने ॲल्युमिनियम चरतं. पारंपरिक बीन पॉट, तो अरुंद गळ्याचा चिनीमातीचा, कोरड्या बीन्सना सहा तास भाजायला बनलेला आहे. गळा अरुंद म्हणून पाणी उडत नाही, आणि आपल्याला तर ते उडवायचंच आहे. बीफच्या कृतीला तो बाद.

स्लो कुकर नेण्या-आणायला आणि गरम ठेवायला सोयीचा, चव मात्र एक पायरी खाली. झाकणामुळे वाफ परत आत पडते आणि वरचा भाजलेला थर येत नाही. दोन्ही साधे डबे निथळून घ्या, केचप पाव कप करा, लो वर चार-पाच तास, शेवटचा अर्धा तास झाकण तिरकं. खिमा कच्चा घालू नका: गोळे होतात, चरबी सगळी आतच राहते, आणि परतल्याची चव कुठून येणार?

इन्स्टंट पॉटमध्ये (विजेचा प्रेशर कुकर) सगळं एकदम घातलं की दाट गोड सॉस तळाला चिकटतो आणि पडद्यावर ‘बर्न’ झळकतं. त्यात फक्त कोरडे बीन्स पाण्यात शिजवा, तेही अर्ध्या भांड्याच्या वर न भरता. सॉस आणि खिमा नंतर ओव्हनमध्ये.

स्मोकर (लाकडाच्या धुरावर शिजवायची भट्टी) असेल तर २२५ ते २५० अंशांना, उथळ भांड्यात, दोन ते तीन तास, दर पाऊण तासाने ढवळून. तेव्हा लिक्विड स्मोक आणि स्मोक्ड पेप्रिका दोन्ही वगळा.

बीफ न खाणाऱ्यांसाठी टर्कीचा खिमा चालतो. ९३ टक्क्यांचा घ्या, तव्यात मोठा चमचाभर तेल आधी, आणि वूस्टरशर दुप्पट. या सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, हे पाहुण्यांत शाकाहारी असतील आणि त्यांच्यासाठी वेगळं भांडं लावणार असाल तर लक्षात ठेवा.

उरलेलं

पॉटलकच्या टेबलावर हे १४० अंशांच्या (६० सेल्सियस) वर राहायला हवं. नाहीतर दोन तासांत फ्रिजमध्ये, बाहेर ९० अंशांच्या वर ऊन असेल तर एकाच तासात. खोल भांडं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका. मांस असलेलं दाट मिश्रण मधे कित्येक तास कोमट राहतं आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. उथळ डब्यांत पसरून ठेवा. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव टिकते. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरलेली लागते, सॉस मात्र पार घट्ट झालेला असतो. प्रत्येक दोन कपांना तीन-चार मोठे चमचे पाणी घालून, झाकून, १६५ अंशांपर्यंत (७४ सेल्सियस) गरम करा आणि वरून व्हिनेगरचे चार थेंब.